गृहीतागमा

आमच्या आजीच्या नावापुढे जी. ए. लिहिलेलं असे. वाड्याच्या दारावर पितळी पाटी होती. वर आजोबांचं नाव, खाली आजीचं, मग एक स्वल्पविराम आणि ही दोन अक्षरं. दर दिवाळीला पाटी चिंचेनं घासली जायची. घासून घासून आजोबांचं नाव पुसट झालं, पण जी. ए. शेवटपर्यंत ठसठशीत राहिलं, कारण ती अक्षरं आजीनं नंतर, स्वतःच्या पगारातून, वेगळी कोरून घेतली होती. कोरणाऱ्याला सांगून जरा खोलच.

आजोबांचे एक चुलतभाऊ दिवाळीच्या फराळाला यायचे आणि दरवर्षी तोच विनोद करायचे. चकली मोडता मोडता विचारायचे, "वहिनी, जी. ए. म्हणजे घरची अक्कल ना?" आजी वाटीत दही वाढत म्हणायची, "हो भावोजी, घरचीच. उसनी आणायची वेळ नाही आली." मग सगळे हसायचे. मी लहान होते, मीही हसायचे. ते गृहस्थ बी. ए. होते, मुंबई विद्यापीठाचे, आणि कलेक्टर कचेरीत होते. या सगळ्या हसण्यामागे एक जुनं ठसठसणं आहे, हे कळायला मला चाळिशी यावी लागली. (मराठी वाचणाऱ्या माणसाला जी. ए. म्हटलं की कुलकर्णीच आठवतात, त्याला माझा इलाज नाही. आजीलाही नव्हता. ती म्हणायची, "त्यांच्या आधीपासून मी जी. ए. आहे.")

जी. ए. म्हणजे गृहीतागमा. जिनं आगम, म्हणजे विद्या, ग्रहण केली आहे अशी ती. त्याच्या पुढची पदवी पी. ए., म्हणजे प्रदेयागमा, जिची विद्या आता दुसऱ्याला देण्याजोगी झाली आहे अशी. इंग्रजी आद्याक्षरं बी. ए., एम. ए.च्या अंगानं जाणारी, आणि मागे अस्सल संस्कृत समास. कोणी बसून जुळवलं असेल हे, मला नेहमी वाटतं. पण या शब्दांत एक गोष्ट होती जी चुलतआजोबांच्या बी. ए.मध्ये नव्हती. 'बॅचलर' हा शब्द मुळात पुरुषाचा. आमच्या पुण्यातल्याच डेक्कन कॉलेजातून १८८०च्या दशकात कॉर्नेलिया सोराबजी शिकून बाहेर पडल्या, त्याही बॅचलरच झाल्या. गृहीतागमा मात्र आकारान्त स्त्रीलिंगी. ही पदवी पुरुषाला घेताच येणार नाही, घ्यायची म्हटली तर व्याकरण आडवं येईल.

ही पदवी देणाऱ्या विद्यापीठाला तेव्हा सरकार विद्यापीठ मानत नव्हतं. आज खासगी विद्यापीठ म्हटलं की महामार्गालगतची काचेची इमारत, फाटकावर रखवालदार आणि पानभर जाहिरात डोळ्यांसमोर येते. आजीचं विद्यापीठही खासगीच होतं, पण ते सुरू झालं हिंगण्याच्या माळावर, १९१६ साली, चार-पाच मुलींवर. चार-पाच म्हणजे अक्षरशः चार-पाच. आमच्या वाड्यात एका वेळी याहून जास्त मुली सागरगोटे खेळत असत.

धोंडो केशव कर्वे त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे होते. फर्ग्युसनमध्ये तेवीस वर्षं गणित शिकवून १९१४ साली निवृत्त झालेले. या वयाला माणसं काशीयात्रेचं बघतात. यांच्याकडे काशीहूनच एक पुडकं आलं. बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त जपानला जाऊन आले होते, त्यांनी टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका पाठवली होती. कर्व्यांनी ती बाजूला ठेवून दिली. आपण ठेवतो तशीच. पुढे १९१५च्या डिसेंबरात मुंबईला राष्ट्रीय सामाजिक परिषद भरायची होती, तिचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, आणि भाषणात सांगायचं काय हे शोधताना ती पुस्तिका हाती लागली. जिंझो नारुसे नावाच्या गृहस्थांनी १९०१ साली ते विद्यापीठ काढलं होतं. मुलीला आधी माणूस म्हणून शिकवायचं, मग स्त्री म्हणून, मग राष्ट्राची घटक म्हणून, हे त्यांचं सूत्र. कर्व्यांनी परिषदेत तीच कल्पना मांडली आणि सहा महिन्यांत विद्यापीठ काढूनही दाखवलं. नाव ठेवलं भारतवर्षीय महिला विद्यापीठ. चार-पाच मुली, आणि नाव भारतवर्षीय!

मला या गोष्टीतलं सगळ्यात जास्त काय आवडतं, तर ते पुडकं तसंच पडून राहणं. मोठ्या गोष्टी कशा सुरू होतात याचं आपण नंतर फार देखणं चित्र काढतो. प्रत्यक्षात भाषण लिहायचं होतं आणि मुद्दा सुचत नव्हता.

आणखी एक गंमत. ज्या टोकियोच्या विद्यापीठाचं उदाहरण कर्व्यांनी घेतलं, तेही स्वतःला विद्यापीठ म्हणवत असलं तरी जपानी सरकारच्या दप्तरी विद्यापीठ नव्हतंच. त्याला तो दर्जा मिळाला १९४८ साली. आपल्याकडे मुंबई विधिमंडळानं कायदा केला १९४९ साली आणि तो लागू झाला १९५१ साली. पुस्तिका पाठवणाऱ्या शिवप्रसाद गुप्तांनी १९२१ साली काशी विद्यापीठ काढलं, तेही सरकारी मान्यता न मागता. म्हणजे बिनशिक्क्याच्या एका विद्यापीठाची गोष्ट वाचून दुसरं निघालं, आणि ज्यानं ती गोष्ट पोचवली त्यानं तिसरं काढलं.

शिक्क्याचं आणि कर्व्यांचं तसं जुनंच वाकडं. सतरा वर्षांचे असताना मुरूडहून डोंगर-घाट तुडवत ते साताऱ्याला सहावीच्या परीक्षेला गेले होते, शंभराहून जास्त मैल पायी. आणि साहेबांनी बघून सांगितलं, तू लहान दिसतोस, तुला बसता येणार नाही. मुकाट्यानं परत आले. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा शेवटी हमखास म्हणायची, "म्हणून अण्णांनी स्वतःचीच परीक्षा काढली." कर्व्यांना हिंगण्यात सगळे अण्णा म्हणत. आजीचं हे म्हणणं इतिहासकाराला मान्य व्हायचं नाही, पण मला पटतं.

आजी हिंगण्यात पोचली ती तिच्या आत्याचं बोट धरून. आत्या बालविधवा. कोकणातून तिला कर्व्यांच्या, विधवांसाठीच्या आश्रमात आणून सोडलं होतं, तिथे ती चार बुकं शिकली आणि पुढे तिथल्याच स्वयंपाकघराची झाली. आश्रम १८९६ सालचा. तो आधी पुण्यात होता. प्लेगच्या दिवसांत तो गावाबाहेर न्यावा लागला, तेव्हा रावबहादूर गोखल्यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि साडेसातशे रुपये दिले. तिथे झोपडी उभी राहिली, तीत १९०० साली बायका राहायला गेल्या. कर्वे कॉलेज सुटल्यावर चार मैल चालत यायचे, रात्री तिथे राहून सकाळी चालत परत. पावसाळ्यात त्या वाटेवर चिखल असा असायचा की चप्पल हातात घ्यावी लागे, हे आत्याचं वाक्य आजीमार्फत माझ्यापर्यंत आलं आहे. आज त्याच वाटेवर नळ स्टॉपचा दुमजली पूल आहे आणि संध्याकाळी सहानंतर तिथे गाडीनं जाण्यापेक्षा चप्पल हातात घेऊन चालणं खरोखर जास्त सोपं आहे.

१९०७ साली विधवा नसलेल्या मुलींसाठी महिला विद्यालय निघालं. हे का काढावं लागलं? कुमारिकेच्या आईबापांना आपली पोर विधवांच्या पंगतीला नको होती. कर्व्यांच्या घरातच तो इतिहास होता. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया, आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांत वैधव्य आलेल्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी त्या. १८९३ साली कर्व्यांनी त्यांच्याशी लग्न केलं आणि मुरूडनं दोघांना वाळीत टाकलं. बायांनी आश्रमासाठी पैसे गोळा करत किती गावं पालथी घातली त्याचं मोजमाप नाही. कर्व्यांचं चरित्र लिहिणारे त्यांना एका परिच्छेदात गुंडाळतात. त्यांनी स्वतःच 'माझे पुराण' लिहून ठेवलं हे बरं झालं. घरातल्या माणसाला महर्षी सोसणं किती महाग पडतं, ते तिथे वाचायला मिळतं.

आता अभ्यासक्रमाचं. इथे माझी आणि आजीची भांडणं व्हायची.

या विद्यापीठात सगळे विषय मराठीतून शिकवले जात. पुढे मुंबई, अहमदाबाद, बडोदा इथे संस्था जोडल्या गेल्या तेव्हा गुजराती आली. १९१६ साली पदवीपर्यंतचं शिक्षण मातृभाषेतून द्यायचं म्हणजे वेडेपणा होता. पुस्तकं नाहीत, परिभाषा नाही. आज आपण मराठी शाळा वाचवा म्हणून मोर्चे काढतो, आणि शंभर वर्षांपूर्वी एक निवृत्त गणिताचा मास्तर म्हणतो की आख्खं विद्यापीठ मराठीतून चालवू. इंग्रजी मात्र विषय म्हणून सक्तीची ठेवली. गांधीजींना मातृभाषेचं सगळं पसंत होतं, पण इंग्रजी ऐच्छिक असावी असं त्यांचं मत होतं. कर्वे तेवढ्यावर हटले नाहीत. इथपर्यंत मी आजीच्या बाजूनं.

पण गृहजीवनशास्त्र, आरोग्य, शिशुसंगोपन हे विषय आवश्यक, आणि गणित नको असलं तर सोडता येतं? गणिताच्या प्राध्यापकानं काढलेल्या विद्यापीठात? मी कॉलेजात असताना, डोक्यात नवं वारं शिरलेलं असताना, आजीला म्हटलं होतं, "तुम्हाला शिकवलं ते चांगल्या बायका व्हायला. अण्णांनी पिंजरा मोठा करून दिला, एवढंच." आजी गहू निवडत होती. तिनं सुपातून मान वर न करता विचारलं, "तुला किती मोठा मिळालाय?"

मी तेव्हा चिडले होते. अजूनही मला ते सगळं पटत नाही. नारुसेंच्या सूत्रात पहिला शब्द माणूस होता, स्त्री दुसरा. कर्व्यांच्या अभ्यासक्रमात कधी कधी क्रम उलटा झाला असं मी आजही म्हणेन. त्यांचं म्हणणं असं की मुलींना मुलांच्या साच्यात कोंबायला नको, त्यांची उमेदीची वर्षं कमी असतात, लग्नं लवकर होतात, तेवढ्यात त्यांना उपयोगी पडेल ते द्यावं. हा व्यवहार होता. व्यवहारानं चार-पाचाच्या चारशे होतात, पण त्याची किंमतही कोणीतरी मोजतं. ती मोजली पहिल्या दोन-तीन पिढ्यांच्या गृहीतागमांनी. 'सोपी पदवी', 'बायकी पदवी' हे त्यांनी जन्मभर ऐकलं.

आणि तरी या 'चांगल्या गृहिणी' घडवणाऱ्या संस्थेतून काय निघालं? बाळूताई खरे नावाची एक मुलगी हिंगण्याच्या शाळेत शिकली, याच विद्यापीठाची जी. ए. झाली, पी. ए. झाली. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' नावाचा कथासंग्रह आला, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनात काय चालतं ते त्यात होतं. पुण्यात गहजब झाला. ही विभावरी कोण याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. आजी तेव्हा कॉलेजात होती. वसतिगृहात ते पुस्तक शास्त्रोक्त पद्धतीनं, म्हणजे शिशुसंगोपनाच्या वहीचं वेष्टण घालून, फिरत होतं असं ती सांगायची. शिशुसंगोपन विषयाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

कॉलेज तोवर हिंगण्याहून अलीकडे, एरंडवण्यात आलं होतं. पण आजीची खरी जागा हिंगणंच. आत्या तिथे, सुट्टीचे दिवस तिथे. तिच्या बोलण्यात 'कॅम्पस' नव्हता, 'आवार' होतं. आवारात विहीर, पाळीपाळीनं पाणी शेंदणं, पाळीपाळीनं वाढणं. नऊवारी साडीचा काचा मारून मुली व्यायाम करत. पंगतीत विधवा आणि कुमारिका शेजारी-शेजारी बसत, आणि पहिल्या पहिल्यांदा नव्या मुलीच्या घशाखाली घास उतरत नसे. आठवडाभरानं उतरे. "शिक्षण ते होतं," आजी म्हणायची, "बाकी पुस्तकं होतीच." कढी पातळ असायची ही तक्रार तिनं वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षीही सोडली नव्हती, आणि ती कढी करणारी तिची सख्खी आत्या होती.

दिवाळीत भाऊबीज फंड. हिंगण्याचे स्वयंसेवक पावतीपुस्तकं घेऊन घरोघर जात, ओवाळणी म्हणून जे मिळेल ते घेत. आजी म्हणायची की रुपया देणारं घर लक्षात राहत नाही, दोन आणे देऊन वर लाडू हातावर ठेवणारं राहतं. विद्यापीठाचा कारभारही त्याच जातीचा. वर्गणी भरणाऱ्या लोकांनी सिनेटचे सभासद निवडायचे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपती, रँग्लर परांजपे पहिले कुलगुरू. म्हणजे डोक्यावर दोन जगन्मान्य विद्वान आणि पायाशी पाच-दहा रुपयांच्या पावत्या. आजीव सेवकांचे पगार पोटापुरते. पार्वतीबाई आठवले, बायांच्या बहीण, स्वतः विधवा, पन्नाशीच्या उंबऱ्यावर १९१८ साली इंग्रजी शिकायला आणि जमलं तर निधी जमवायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकामाची मोलकरीण म्हणून राबल्या. खुद्द कर्वे सत्तरी ओलांडल्यावर १९२९ साली जगाच्या फेरीला निघाले. युरोप, अमेरिका, जपान. बर्लिनला आइनस्टाइनना भेटले, टोकियोला जाऊन ते विद्यापीठ एकदाचं डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्या फेरीत केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, दक्षिण आफ्रिका, जिथे जिथे भारतीय वस्ती तिथे तिथे, झोळी पुढे करून. भाषण करायला उभे राहिले की फार काही वक्तृत्व नसे. उन्हानं रापलेला, बारीक चणीचा म्हातारा उभा राहून आकडे सांगतो. लोक देत.

मोठा पैसा मात्र एकदाच आला आणि एकाच माणसाकडून आला. मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाख रुपये देऊ केले. १९२०चे पंधरा लाख. त्यावर साडेतीन टक्क्यांनी वर्षाला साडेबावन्न हजार व्याज. पाच-दहा रुपयांच्या पावत्या फाडणाऱ्या संस्थेला त्या रात्री झोप आली नसेल. अट एक अशी की विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव द्यायचं. भारतवर्षीय महिला विद्यापीठाचं नाव बदललं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी भारतीय महिला विद्यापीठ. पुढे १९३६ साली मुख्यालयही मुंबईला गेलं.

एसएनडीटी. ही चार अक्षरं मी पहिल्यांदा सुटी करून बघितली ती बसस्टॉपवर उभी असताना. एस म्हणजे श्रीमती, तो मान. डी म्हणजे दामोदर, ते नवऱ्याचं नाव. टी म्हणजे ठाकरसी, ते सासरचं. चारांतलं एकच अक्षर त्या बाईचं स्वतःचं. बायकांसाठी काढलेल्या विद्यापीठाच्या नावात आपल्याकडच्या बाईच्या नावाचा हिशेब इतका चोख उतरलेला बघून मला मोठ्यानं हसू आलं, आणि शेजारच्या काकू जरा सरकून उभ्या राहिल्या. अर्थात एका मुलानं आईच्या नावानं पंधरा लाख द्यावेत, वडिलांच्या नावानं देऊ नयेत, हीसुद्धा त्या काळात लहान गोष्ट नव्हती. विठ्ठलदास १९२२ साली गेले. त्यांच्या पत्नी प्रेमलीलाबाईंनी ते काम पुढे कित्येक वर्षं सांभाळलं. विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाल्यावर कुलगुरूच्या खुर्चीत बसल्या त्या त्याच.

आजी १९३५ साली जी. ए. झाली. त्या वर्षांत विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या इरावती कर्वे, अण्णांच्या सूनबाई. बर्लिनहून डॉक्टरेट करून आलेल्या. आजीला त्यांच्याबद्दल फार आदर होता आणि त्या आदरात एक बारीकसं कुसळही होतं. "अण्णांच्या घरच्या सुनेची पदवी बर्लिनची," ती म्हणायची, "आणि तिच्या कचेरीतून निघालेली आमची, ती हिंगण्याची." यात इरावतीबाईंचा काही दोष नव्हता हे तिला कळत होतं. पण कुसळ ते कुसळच.

पदवी घेऊन आजी एका शाळेत नोकरीला गेली. शाळेचं नाव सांगत नाही, ती अजून आहे आणि चांगली चालली आहे. मुख्याध्यापकांनी कागद हातात घेतला, उलटून मागची बाजू बघितली, मागे काही नव्हतं, आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला येतं सगळं हे दिसतंय. पण हे आम्ही कशात धरायचं?" शेवटी मॅट्रिकमध्ये धरलं. शिकवायला दिली सातवी-आठवी, मराठी आणि संस्कृत, जे बी. ए. झालेले मास्तर शिकवत. पगार मॅट्रिकचा. आजीनं तो घेतला. वर्षानुवर्षं घेतला. कोणाला वाटेल तिनं भांडायला हवं होतं. भांडायचं कोणाशी? मुख्याध्यापक नियमावर बोट ठेवत, नियम सरकारचा, आणि सरकारच्या यादीत तिचं विद्यापीठ नव्हतंच. तिच्याबरोबरच्या दोघी-तिघींनी पुढे बाहेरून मुंबई विद्यापीठाची परीक्षा देऊन बी. ए. करून घेतलं. आजीनं केलं नाही. पैशाला ताण असून केलं नाही. का, तर म्हणायची, "एकदा झालेली गोष्ट पुन्हा कशाला करायची?"

मला वाटतं कर्वे आणि त्यांचे सोबती ज्याला स्वातंत्र्य म्हणत होते, की सरकारकडे मान्यता मागायला गेलो तर सरकार सांगेल तेच शिकवावं लागेल, मग मराठीही गेली आणि सगळंच गेलं, ते खरंच होतं. त्या पस्तीस वर्षांत या विद्यापीठाला जे करता आलं ते शिक्का असता तर करता आलं नसतं. पण त्या स्वातंत्र्याचा हप्ता दर महिन्याच्या एक तारखेला आजीच्या पगारातून कापला जात होता. शताब्दीच्या स्मरणिकांमध्ये देणगीदारांच्या याद्या असतात. पंधरा लाखांची नोंद असते, सहा एकरांची असते, आणि असावीच. मॅट्रिकच्या श्रेणीत शिकवत राहिलेल्या जी. ए. बायकांनी दरमहा जे सोडलं त्याची बेरीज कोणी केलेली नाही. माझ्या लेखी त्या यादीत त्यांचं नाव ठाकरसींच्या शेजारी यायला हवं.

१९५१ साली कायदा लागू झाला. शांतिनिकेतनच्या विश्वभारतीलाही त्याच साली संसदेच्या कायद्यानं विद्यापीठ म्हणून मान्यता मिळाली. दोन हट्टी म्हाताऱ्यांची दोन बिनशिक्क्याची घरं एकाच वर्षी सरकारदरबारी रुजू झाली. टागोर ते बघायला नव्हते. कर्वे होते. १९५८ साली शंभरी, भारतरत्न, मुंबईच्या ब्रेबर्न स्टेडियमवर नेहरूंच्या हजेरीत सत्कार, हयात माणसाचं टपाल तिकीट. आजीनं ते तिकीट कधी पाकिटाला लावलं नाही. तिच्या पोथीत होतं, रामरक्षेच्या पानात. १९६२च्या नोव्हेंबरात कर्वे गेले, एकशे चौथ्या वर्षी. आणि पाटीवरची अक्षरं आजीनं कधी कोरून घेतली, तर या १९५१नंतरच्या पहिल्या दिवाळीला. आईला ते आठवतं. शाळेनं श्रेणी वाढवली नव्हती, मागचा फरक तर दूरच. पण आजी मंडईतून येताना तांबट आळीत थांबून माणसाला घरी घेऊन आली.

मागच्या वर्षी मुलीबरोबर कर्वेनगरला गेले होते. हिंगणं बुद्रुकचं कर्वेनगर होऊनही जमाना झाला. आवारात आता मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, १९९१ सालापासून. फाटकातून स्कूटरवरून मुली भराभर बाहेर पडत होत्या, पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा. माझी मुलगी गणितात शिकते. झोपडी जतन करून ठेवली आहे, ती बघितली. एवढीशी आहे. मुलीनं मोबाइलवर फोटो काढला आणि विचारलं, "यात किती जणी राहायच्या?" मी आत वाकून बघत होते की चूल कुठे असेल.

यंदा दिवाळीत दारावर भाऊबीज निधीची एक मुलगी आली. वीस-एकवीस वर्षांची, घाईतली, हातात पावतीपुस्तक. मी पैसे दिले आणि म्हटलं, पावती आजीच्या नावानं कर. नाव सांगितलं. तिनं लिहिलं. मग म्हटलं, पुढे जी. ए. लिही. तिनं मान डोलावली, काहीतरी केलं, पावती फाडून हातात दिली, लाडू घेतला आणि जिना उतरली.

दार लावून वाचलं. तिनं जी. ए. आडनावाच्या आधी घातलं होतं. आद्याक्षरं समजून.